भांड्याला भांडं लागलं म्हणून गाणं होत नाही

४ जुलै २०२५ ला कार्डिफमध्ये ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडचे गॅलाघर बंधू जवळपास सोळा वर्षांनी एका मंचावर आले आणि एक जुना वाद पुन्हा उकरला गेला. दोघा भावांनी हातात हात घातलेला पाहून अर्धे लोक गहिवरले. उरलेल्या अर्ध्यांनी मान हलवली, की आता हे भांडत नाहीत, म्हणजे यांच्या हातून नवं काही होणं नाही. २०२१ मध्ये बीटल्सवरची ‘गेट बॅक’ ही जवळपास आठ तासांची मालिका आली तेव्हाही असंच झालं होतं. रॉक बँडचा विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. घर्षणाशिवाय ठिणगी नाही, मोठे अल्बम भांडणातूनच येतात, ही एक वाट. अहंकाराने घात केला, जरा समजुतीने घेतलं असतं तर आणखी दहा अल्बम मिळाले असते, ही दुसरी. मला दोन्ही पटत नाहीत. दोन्ही बाजू भांडण हे मिठासारखं धरतात आणि किती घालायचं यावर वाद घालतात. भांडण कशावरून चाललंय, हे विचारायचं कोणालाच सुचत नाही. ते गाण्यावरून असेल तर गाण्याचं भलं होऊ शकतं. बँडमधल्या कोणाच्या जागेवरून, नावावरून, वाट्यावरून असेल तर त्यातून कोर्टाचे कागद निघतात. आणि ‘ताणातूनच कला जन्मते’ हा सिद्धान्त बहुतेक वेळा त्याच्या तोंडी असतो, ज्याला त्या ताणाची किंमत मोजावी लागलेली नसते.

समोरच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण आधी घेतलं पाहिजे, आणि ते म्हणजे फ्लीटवूड मॅकचा ‘रूमर्स’. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटोच्या स्टुडिओत पाच जण जमले तेव्हा बास वाजवणारा जॉन मॅकव्ही आणि कीबोर्डवरची क्रिस्टीन मॅकव्ही यांचा संसार मोडला होता. लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स यांचं अनेक वर्षांचं नातं तुटत होतं. ड्रमर मिक फ्लीटवूडचंही घरी धड चाललेलं नव्हतं. एकमेकांवर गाणी लिहायची, ती एकमेकांकडूनच वाजवून घ्यायची, आणि वर साथीचा सूरही लावायचा, असा तो प्रकार. फेब्रुवारी १९७७ मध्ये अल्बम आला, अमेरिकेत एकतीस आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, आणि आजवर जगभरात चार कोटींहून जास्त खपला. सुखी माणसांकडून हा अल्बम झाला असता का? नसता झाला. हे मला सरळ मान्य आहे.

पण त्या खोलीत प्रत्यक्ष काय चाललं होतं ते जरा जवळ जाऊन बघा. निक्सने ‘ड्रीम्स’ आणलं तेव्हा त्यात मोजून दोन-तीन कॉर्ड होते. क्रिस्टीनला ते चक्क कंटाळवाणं वाटलं, आणि तिने पुढे ते मोकळेपणी सांगितलंही. बकिंगहॅमने तेच कॉर्ड घेऊन त्यांचे तीन वेगवेगळे भाग उभे केले, प्रत्येकाचा पोत निराळा, त्यामुळे ऐकणाऱ्याला गाणं पुढे सरकल्यासारखं वाटतं. गाणं कोणावर आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं या बँडचं हे एकमेव गाणं. याला रागाचं फळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या बाईने आपल्याला सोडलं तिचं गाणं हातात घेऊन कोणी इतक्या निगुतीने सजवत असेल, तर तो निदान तेवढे तास राग दाराबाहेर ठेवून आत आलेला असतो. दुःखाने गाण्यांना विषय पुरवला. कारागिरी मात्र त्या दुःखाला न जुमानता चालली.

याच अल्बमात उलट्या बाजूचाही पुरावा आहे, आणि तो सहसा कोणी काढत नाही. निक्सचं ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ अल्बममधून वगळलं गेलं. तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त काही नीट मावत नाही, आणि गाणं लांब होतं. कारण खोटं नव्हतं. पण निर्णय तिच्या पाठीमागे झाला आणि तो तिला सांगितला गेला स्टुडिओच्या पार्किंगमध्ये. गाणं बकिंगहॅमच्या ‘गो युअर ओन वे’च्या सुट्या तबकडीच्या मागच्या बाजूवर गेलं, म्हणजे ज्या गाण्यात तिच्याबद्दल तिला खोटी वाटणारी एक ओळ होती आणि ‘ती काढ’ म्हणूनही त्याने काढली नव्हती, त्याच गाण्याच्या पाठीवर. वीस वर्षांनी, १९९७ मध्ये, बँड पुन्हा जमला तेव्हा तिने ते मंचावर त्याच्याकडे तोंड करून गायलं. ते चित्रण ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं काय सांगू? ‘ड्रीम्स’वरचं मतभेदाचं घोंगडं आठवड्यात वाळलं, पार्किंगमधलं वीस वर्षं भिजत पडलं. अल्बम तोच होता, माणसं तीच होती.

हा फरक रॉकच्या जन्माच्याही आधीचा आहे. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरसाठी गिल्बर्ट शब्द लिहायचा आणि सलिव्हन संगीत द्यायचा. १८८४ मध्ये गिल्बर्टने पुन्हा एकदा जादूच्या गोळीची गोष्ट पुढे केली आणि सलिव्हनने साफ नकार दिला, असल्या भाकडकथांना आता संगीत देणार नाही म्हणाला. बराच काळ दोघंही अडून बसले. शेवटी गिल्बर्टने गोळी टाकून दिली आणि ‘द मिकाडो’ लिहिलं, १८८५ मधलं, दोघांचं बहुधा सगळ्यात गाजलेलं काम. पाचच वर्षांनी, १८९० मध्ये, थिएटरच्या नव्या गालिच्याचा खर्च हिशेबात धरायचा की नाही यावरून गिल्बर्टचं मालकाशी वाजलं. सलिव्हन मालकाच्या बाजूने उभा राहिला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि त्यानंतर या जोडीने जेमतेम दोन नाटकं केली. दोन्ही वेळा माणसं तितकीच हट्टी होती. गोळीच्या भांडणातून नाटक निघालं. गालिच्याच्या भांडणातून काय निघणार होतं?

गोळी आणि गालिचा, दोन्ही एकाच अल्बममध्ये बघायचे असतील तर पिंक फ्लॉइडचा १९७९ चा ‘द वॉल’ ऐकावा. ‘कम्फर्टेबली नम्ब’चं संगीत डेव्हिड गिल्मोरचं, शब्द रॉजर वॉटर्सचे. त्याच्या ध्वनिमुद्रणावरून दोघांत जोरदार जुंपली. एकीकडे वाद्यवृंदाने भरलेलं रूप होतं, दुसरीकडे त्याहून कडक, उघडंवाघडं. अखेर गाण्याच्या अंगाला वाद्यवृंद राहिला आणि शेवटचा गिटारचा सोलो त्या दुसऱ्या, कडक रूपातून आला. गाणं ऐकताना तो सांधा कुठे आहे हे कळतं, आणि कळल्यावर गाणं आणखी आवडतं (निदान मला तरी). इथे कोणी कोणाला ‘तुझं इथे कामच काय’ असं म्हणत नव्हतं. गाण्याला काय हवंय यावर दोघं भांडत होते, आणि गाण्याने दोघांकडूनही काही ना काही घेतलं.

त्याच महिन्यांत, त्याच अल्बमच्या कामात, बँडच्या स्थापनेपासून असलेल्या कीबोर्डवादक रिक राइटला बाहेर काढलं गेलं. राइट तेव्हा फारसं काही देत नव्हता हेही खरं आहे, वॉटर्सची तक्रार हवेतली नव्हती. पण उपाय काय निघाला? अल्बम पुरा होईपर्यंत त्याने वाजवायचं आणि मग निघायचं. पुढच्या कार्यक्रमांत तो मंचावर होता, पगारी वादक म्हणून. त्या अवाढव्य कार्यक्रमांत बँडला तोटा झाला, आणि तोटा भागीदारांनी सोसायचा असल्यामुळे चौघांत पैसे मिळाले ते एकट्या राइटला. मग १९८३ चा ‘द फायनल कट’. त्याच्यावर सरळ छापलं होतं, रचना रॉजर वॉटर्स, सादरकर्ते पिंक फ्लॉइड. गिल्मोरच्या गळ्याला अख्ख्या अल्बममध्ये एकाच गाण्यात वाव. आता विरोध करायला कोणी उरलं नव्हतं. ताणच कलेला हवा असतो म्हणणाऱ्यांनी इथे एक प्रश्न स्वतःला विचारावा. ताण तर या अल्बमच्या वेळी आधीपेक्षाही जास्त होता. मग ‘कम्फर्टेबली नम्ब’च्या तोडीचं गाणं त्यात का नाही? गिल्मोरचं ‘नाही’ ऐकून घेण्याची गरज वॉटर्सला वाटेनाशी झाली होती, असं माझं उत्तर आहे. ज्या मतभेदाने निर्णय बदलू शकतो त्याचाच गाण्याला उपयोग. बाकीचा नुसता घरातला कोंडमारा.

बीटल्सचं उदाहरण दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा वापरलं गेलंय की त्याला हात लावायला नको वाटतं, पण त्याच्याशिवाय भागतही नाही. २ जानेवारी १९६९ ला ते लंडनच्या ट्विकनहॅम फिल्म स्टुडिओत जमले. ६ तारखेला मॅकार्टनी गिटारचं काही सुचवत होता तेव्हा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन म्हणाला, तू सांगशील ते वाजवतो, नको म्हणालास तर वाजवणारच नाही. हा तुकडा १९७० च्या चित्रपटात आला आणि तेव्हापासून ‘हेच ते भांडण’ म्हणून दाखवला जातो. मी ती आठ तासांची मालिका दोनदा पाहिली, दुसऱ्यांदा जवळजवळ फक्त हॅरिसनकडे बघत. त्या तुकड्याच्या दुसऱ्याच दिवशीची एक जागा आहे. लेनन अजून आलेला नाही. मॅकार्टनी बासवर एकच ठेका घासत बसलाय, तोंडाने काहीतरी पुटपुटतोय, समोर हॅरिसन जांभई देतोय, रिंगो नुसता बघतोय. दोन-तीन मिनिटांत त्या पुटपुटण्यातून ‘गेट बॅक’ हे गाणं डोकं वर काढतं. बघता बघता हॅरिसन गिटार उचलतो आणि साथ धरतो. ठिणगी पडली ती अशी, जांभई देत असताना. भांडण त्या क्षणी खोलीत कुठेही नव्हतं.

१० तारखेला हॅरिसन निघून गेला. का गेला? स्वभाव, लेननची जोडीदार योको, मॅकार्टनीचा मास्तरपणा, सगळ्यांवर खापर फोडून झालंय. मला त्यापेक्षा एक कोरडा आकडा बोलका वाटतो. बीटल्सची गाणी प्रकाशित करणारी नॉर्दर्न साँग्ज ही कंपनी १९६५ मध्ये शेअर बाजारात उतरली तेव्हा लेनन आणि मॅकार्टनी यांच्याकडे प्रत्येकी १५ टक्के शेअर होते, हॅरिसन आणि रिंगोकडे प्रत्येकी ०.८ टक्के. म्हणजे हॅरिसनने तेव्हा गाणं लिहिलं की त्याचा फायदा त्याच्यापेक्षा दुसऱ्या दोघांना अधिक. त्याने या प्रकारावर एक उपरोधिक गाणंही करून टाकलं. त्यातच अल्बमची जागा मोजकी आणि ती वाटणारे ते दोघं. १९६८ च्या दुहेरी अल्बमात तीस गाणी, त्यातली हॅरिसनची चार. ट्विकनहॅममध्ये तो ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ घेऊन आला होता. सगळ्यांनी ते काही वेळा वाजवलं, आणि मग ते मागे पडलं. त्याच्या जाण्यानंतर स्टुडिओच्या उपाहारगृहात लेनन आणि मॅकार्टनी बोलत बसले. चित्रपटवाल्यांनी कुंडीत माइक लपवला होता, म्हणून ते बोलणं आज ऐकायला मिळतं. त्यात लेनन म्हणतो, ही जखम आपणच चिघळू दिली आणि त्याला साधी पट्टीसुद्धा बांधली नाही. जखम कुठे आहे हे त्या दोघांना बरोबर माहीत होतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सगळ्यांना सारखं वाटून दिलं की संगीत पांचट होतं, कोणीतरी एकाने सुकाणू धरावंच लागतं. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल बघा. जॉन फोगर्टी एकटा लिहायचा, गायचा, सगळं ठरवायचा, आणि तीन-चार वर्षांत त्यांनी गाण्यांची रांग लावली. भाऊ टॉम कंटाळून १९७१ मध्ये बाहेर पडला. मग उरलेल्या तिघांनी गाणी वाटून घेतली आणि १९७२ चा ‘मार्डी ग्रा’ काढला. समीक्षकांनी तो फाडून खाल्ला आणि त्याच वर्षी बँड संपला. किंवा मेटालिका घ्या. २००१ मध्ये बासवादक जेसन न्यूस्टेड सोडून गेल्यावर त्यांनी महिन्याला चाळीस हजार डॉलर देऊन एक समुपदेशक ठेवला, मन मोकळं करायच्या बैठका घेतल्या, गाण्याचे शब्दसुद्धा सगळ्यांनी मिळून लिहिले. निघाला काय, तर २००३ चा ‘सेंट अँगर’. पत्र्याच्या डब्यासारखा वाजणारा तो स्नेअर ड्रम चाहते अजून विसरलेले नाहीत.

सुकाणू कोणाच्या तरी हाती हवं, हे मला मान्य आहे. सगळ्यांचं मत घेऊन गाणी रचायची म्हटलं तर त्याला गृहनिर्माण संस्थेच्या सभेची कळा येते. पण या दोन उदाहरणांतून हवा तो निष्कर्ष निघत नाही. ‘मार्डी ग्रा’च्या वेळी ती वाटणी कोणी कोणावर लादली, याबद्दल फोगर्टी आणि इतर दोघं आजही वेगवेगळी हकिकत सांगतात. काहीही असो, तीन तुकडे करून आपापला तुकडा सांभाळणं याला वेगळं निघणं म्हणतात, आणि वेगळं निघालेल्या घराच्या स्वयंपाकाला एकत्र कुटुंबाची चव शोधण्यात अर्थ नाही. मेटालिकाचं तर आणखीच सरळ आहे. व्यसनमुक्तीहून परतलेल्या जेम्स हेटफिल्डला दुपारी बारा ते चारच काम करता येत होतं, हे समजण्यासारखं होतं. पण आपण नसताना इतरांनी त्या ध्वनिमुद्रणावर काही करू नये, ऐकूही नये, अशी त्याची अपेक्षा होती, आणि ड्रमर लार्स उलरिक भडकला तो त्यावर. त्या दिवसांवर ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ हा माहितीपट आहे, आणि तो सगळा गालिच्याच्या भांडणाचा आहे. दोन तास बघून गाण्यांवर कडाडून वाद झाल्याचं फारसं आठवत नाही.

सुकाणू एकाकडे असणं आणि मिळकत व नाव एकाकडे असणं या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, आणि ज्यांनी केल्या त्यांना निर्धास्तपणे भांडता आलं. यूटू ऑक्टोबर १९९० मध्ये, जर्मनी एक झाली त्या दिवसांत, बर्लिनच्या हान्झा स्टुडिओत गेले आणि तिथे बँड फुटायच्या बेताला आला. गायक बोनो आणि गिटारवादक एज यांना यंत्रांचे, नाचाचे ठेके हवे होते. लॅरी मुलन आणि अॅडम क्लेटन यांना ते पटत नव्हतं. एज एका गाण्यासाठी दोन तुकडे चाचपत असताना निर्माता डॅनियल लॅनवाने ते एकापुढे एक वाजवून बघायला सांगितलं, आणि त्यातून ‘वन’ उभं राहिलं. चौघांत गाण्याचं उत्पन्न सारखं वाटलं जातं, म्हणून त्या खोलीतल्या कोणालाही ‘माझा तुकडा राहिला तर माझे पैसे राहतील’ असा विचार करावा लागला नाही. आर.ई.एम.ने सुरुवातीपासून गाण्यांखाली चौघांची नावं घातली, एकतीस वर्षं टिकले आणि २०११ मध्ये धडपणे निरोप घेऊन थांबले. क्वीनला हे शहाणपण उशिरा आलं. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या तबकडीमागे रॉजर टेलरचं मोटारीवरचं गाणं होतं. तबकडी एकच विकली जाणार, त्यामुळे मागच्या गाण्याच्या लेखकालाही पुढच्याइतकंच मानधन, आणि त्यावरून वर्षानुवर्षं धुसफूस. १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून त्यांनी सगळी गाणी ‘क्वीन’ या एकाच नावावर टाकली. ज्यांना वाटतं की हा हिशेबीपणा कलेला शोभत नाही, त्यांनी प्रोकोल हेरमच्या ऑर्गनवादकाकडे बघावं. १९६७ च्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ची ओळख म्हणजे तो ऑर्गन. गाण्यावर मॅथ्यू फिशरचं नाव लागायला २००९ साल उजाडलं आणि ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जावं लागलं.

म्हणूनच ‘थोडा ताण हवाच’ हे वाक्य ऐकलं की मी बोलणारा कुठे बसलाय ते बघतो. हॅरिसनच्या तोंडून ते येत नाही. १९६८ मध्ये त्याने आपल्या गाण्यावर वाजवायला गिटारवादक एरिक क्लॅप्टनला आणलं, कारण घरात पाहुणा आला की माणसं जरा नीट वागतात, आणि तशी ती वागलीही. हॅरिसन परत आल्यावर, २२ जानेवारी १९६९ ला, बीटल्सच्या सॅव्हिल रोवरच्या कचेरीच्या तळघरात बिली प्रेस्टन इलेक्ट्रिक पियानोवर बसला आणि पुन्हा तेच झालं. वातावरण एका दुपारीत पालटलं, आठवड्याभरात ते गच्चीवर जाऊन वाजवण्याच्या तयारीला लागले. ‘गेट बॅक’ची तबकडी आली तेव्हा तिच्यावर छापलं होतं, बीटल्स आणि सोबत बिली प्रेस्टन. दहा-बारा दिवस आलेल्या पाहुण्याला नाव लगेच मिळालं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिंगो इस्पितळात असताना बाकीचे तिघं टेपरेकॉर्डर लावून बोलायला बसले. लेननने सुचवलं, पुढच्या अल्बमात तू चार, मी चार, जॉर्ज चार, आणि रिंगोला हवी असतील तर दोन. लेनन-मॅकार्टनी ही जोडनावाची प्रथाही बंद करू. मॅकार्टनी म्हणाला की या अल्बमपर्यंत जॉर्जची गाणी काही तितकी चांगली वाटत नव्हती. ‘या अल्बम’मध्ये, म्हणजे ‘अॅबी रोड’मध्ये, हॅरिसनचं ‘समथिंग’ होतं. त्याच महिन्यात लेननने सांगून टाकलं की मी चाललो. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये हॅरिसनचा अल्बम आला. ट्विकनहॅममध्ये मागे पडलेल्या त्या गाण्याचं नाव त्याने अल्बमला दिलं होतं, आणि तबकड्या होत्या तीन.